पुणे जिल्ह्याची मोजदाद

सह्याद्रीच्या धारेपासून नीरा-नरसिंहपूरच्या संगमापर्यंत पसरलेला पुणे जिल्हा नकाशावर एका रेघेने वेढलेला एकसंध मुलूख दिसतो. परंतु ज्या वर्षी लोणावळ्यास शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळून मावळातील भातखाचरे तुडुंब भरतात, त्याच वर्षी इंदापुराकडे वीस इंचांचीही शाश्वती नसते, आणि बाजरीच्या पेरणीसाठी पाभर सज्ज ठेवून कुणबी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. या दोन टोकांच्या पावसाची बेरीज करून सरासरी काढली, तर निघणारा आकडा मावळच्या कुळालाही लागू पडत नाही आणि इंदापूरच्या कुळालाही नाही. जी गोष्ट पावसाची, तीच माणसांची, घरांची, धंद्यांची आणि कर्जाची. जिल्हा ही कारभाराच्या सोयीसाठी आखलेली मर्यादा आहे. माणूस राहतो तो गावात, पेठेत, वाडीवर आणि वस्तीवर. म्हणून जिल्ह्याचे आकडे हाती घेणाऱ्याने प्रथम हे पाहिले पाहिजे की, ते कोणी जमविले, कोणत्या हेतूने जमविले, आणि ते गावापर्यंत उतरवून पाहता येतात की नाही. या जिल्ह्याच्या मोजदादीचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. कारण दफ्तराच्या रुमालापासून जनगणनेच्या तक्त्यापर्यंत, आणि वसुलाच्या हिशेबापासून लोकांच्या पोटापाण्याच्या विचारापर्यंतचा सारा प्रवास येथे एकाच भूमीवर घडलेला आहे.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी आपल्याकडे मोजदाद नव्हती, असा एक समज अद्याप आढळतो. तो निराधार आहे. गावचा कुळकर्णी लावणीची, वसुलाची आणि बाकीची पत्रके लिहीत असे, त्यांवरून परगण्याचा देशपांडे आपला हिशेब बांधीत असे, आणि कमाविसदार अथवा मामलेदार यांच्या हातून तो पुढे हुजूर दफ्तरात दाखल होत असे. कोणते शेत कोणाच्या नावे आहे, त्यापैकी मिरास म्हणजे वंशपरंपरेची किती, उपरी म्हणजे तात्पुरत्या कुळांची किती, इनाम किती आणि पडीत किती, पाटील-चौगुल्यांचे मानपान आणि बलुतेदारांचे हक्क काय, याचा तपशील या कागदांत असे. घरपट्टी व मोहतर्फा, म्हणजे धंद्यांवरील कर, बसवावयाचा तर घरांची आणि दुकानांची गणती आवश्यक होती, आणि त्या कारणाने झालेल्या खानेसुमारीचे कागद पेशवे दफ्तरात आजही आहेत. या साऱ्या लेखनाचे बळ असे की, त्याचा मूळ घटक गाव होता. आणि कुळकर्णी हा आकडा कोठून तरी ऐकून लिहीत नसून त्याच गावात जन्मलेला, प्रत्येक कुळाला नावाने ओळखणारा मनुष्य होता. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ज्याच्याकडून सरकारला काही येणे नाही, त्याची नोंद करण्याचे सरकारला प्रयोजन नव्हते. आणि ज्याची नोंद झाली त्याच्यावर पट्टी बसण्याचा संभव असल्यामुळे, नोंद टाळण्याकडे गावाचा स्वाभाविक कल होता. वसुलाची दृष्टी जेथे पोहोचे, तेथवर कागद बोलतो. त्यापलीकडची बायामुले, मजूर, भटके आणि निराधार यांच्याविषयी तो बहुधा मौन धरतो.

१८१८ साली पेशवाई लयास गेली आणि दख्खनचा कमिशनर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे नव्या मुलखाची व्यवस्था आली. नव्या राज्यकर्त्यांस मुलूख समजून घेण्याची निकड होती, आणि १८१९ साली एल्फिन्स्टनने सादर केलेला जिंकलेल्या प्रांताविषयीचा अहवाल हा त्या निकडीचा पहिला मोठा परिपाक होय. परंतु जिल्हा समजून घेण्याच्या दृष्टीने त्याहून मोलाचे काम रेसिडेन्सीतील एका शस्त्रवैद्याने, टॉमस कोट्सने, केले. पुण्याहून नगरच्या रस्त्यावर असलेल्या लोणी या एकाच गावाची त्याने पाहणी केली, आणि तिचा वृत्तांत १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचला. जमीन किती, तीपैकी लागवडीस किती आणि गायरान किती, कुणब्यांची घरे किती, घरात भांडीकुंडी कोणती, अंगावर वस्त्र काय, वर्षभर खावयास काय मिळते, लग्नास खर्च किती येतो, आणि सावकाराचे देणे किती आहे, इतक्या बारकाव्याने त्याने हे गाव उभे केले आहे. बहुतेक कुळे कर्जात होती, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवले. म्हणजे शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण ही सर्वस्वी पुढच्या काळाची निर्मिती आहे, असे मानणाऱ्यास हा एकच निबंध थांबवून विचार करावयास लावतो. सव्वाशे वर्षांनंतर समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याच लोणीकंदाचा पुन्हा अभ्यास करून १९६० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच गावाचे असे दोन काळांतील मोजमाप हाती असणे ही दुर्मिळ संपत्ती आहे, आणि ती या जिल्ह्याला लाभली आहे.

एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' या नव्या पदावर नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरींचा मुलूख पायाखाली घालून साइक्सने माणसे, गुरे, नांगर, पिके, वजनमापे, मजुरीचे दर, जमिनीचे हक्क, पाऊस आणि हवेचा दाब यांची टिपणे केली. पक्षी आणि श्वापदेही त्याच्या दृष्टीतून सुटली नाहीत. गावोगावचे जुने कागद मिळवून ज्या वतनदारी रचनेवर हा मुलूख उभा होता तिचा त्याने शोध घेतला, आणि विलायतेस परतल्यावर चार कलेक्टरींचा सांख्यिक वृत्तांत प्रसिद्ध केला. १८३४ साली लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत तो होता, आणि पुढे तिचे अध्यक्षपदही त्याच्याकडे आले. संख्याशास्त्राच्या त्या विख्यात संस्थेच्या पायाशी जुन्नर, शिरूर आणि इंदापूर येथील पाटील-कुळकर्ण्यांनी सांगितलेल्या माहितीचाही एक थर आहे, याची आठवण आपण ठेवावयास हवी.

माहिती जमविणे आणि माहितीवरून सारा ठरविणे यांत किती अंतर आहे, याचा कटु अनुभव मात्र लवकरच आला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने १८२० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्याची पहिली मोठी मोजणी केली. जमिनीच्या प्रत्येक प्रतीचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या शंभरांत पंचावन्न भाग सरकारने घ्यावेत, अशी त्याची पद्धती होती. खंडाविषयी अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने जे तत्त्व मांडले होते त्याचा तो प्रयोग होता, आणि कागदावर तो निर्दोष भासे. परंतु मोजणी करणारे कारकून अपुरे, त्यांच्यावरची देखरेख ढिली, आणि लाचलुचपतीला मोकळे रान. शिवाय निव्वळ उत्पन्न ही संख्या अशी की, ती वर्षावर्षाला, शेताशेताला आणि घराघराला बदलते. परिणाम असा झाला की, चढ्या साऱ्याखाली कुळे दबली, जमिनी पडीत पडल्या, आणि कित्येकांनी गाव सोडले. तर्काने शुद्ध असलेला आकडाही मापणाऱ्या हाताच्या दोषाने किती घातक होऊ शकतो, याचे हे पहिले उदाहरण.

प्रिंगलच्या अपयशातून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी धडा घेतला. १८३५ पासून त्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी आरंभिली आणि १८३६ पासून तेथे तीस वर्षांच्या मुदतीचा बंदोबस्त अमलात आला. शेतास क्रमांक देऊन हद्दीचे दगड रोवले गेले. मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून आण्यांच्या हिशेबाने प्रतबंदी झाली. आणि साऱ्याचा दर मात्र निव्वळ उत्पन्नाच्या कल्पित गणितावर न ठेवता, गावाचे हवामान, बाजारपेठेपासूनचे अंतर, व मागील अनेक वर्षांत प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम यांवर बसविला गेला. पूर्वानुभवाला गणिताच्या बरोबरीने स्थान देण्याचा हा विवेक होता. दर उतरताच पडीत जमिनी लागवडीखाली आल्या, आणि इंदापूरचा नमुना पुढे सर्व मुंबई इलाख्यात स्वीकारला गेला. साताबाराच्या उताऱ्यावर आज आपण जो गट अथवा सर्व्हे नंबर वाचतो, त्याची वंशावळ इंदापूरच्या त्या दगडांपाशी जाऊन पोहोचते.

परंतु तीस वर्षांची मुदत संपून फेरमोजणीचा काळ आला तो नेमका विपरीत क्षणी. १८५८ साली आगगाडी पुण्यास आली, १८६३ साली बोरघाटाची चढण रुळांनी जोडली गेली, आणि याच सुमारास अमेरिकेतील यादवीमुळे तेथील कापूस अडून आपल्या कापसाचे भाव अस्मानास भिडले. त्या तेजीच्या वर्षांतील भाव, वाढलेली घरे, वाढलेल्या गाड्या, नवी विहीर आणि नवा बैल यांचे तक्ते मांडून जमाबंदी अधिकाऱ्यांनी समृद्धीचा निष्कर्ष काढला व सारा मोठ्या प्रमाणात वाढविला. तक्ते खोटे नव्हते. ते तेजीच्या शिखरावर घेतलेले होते. युद्ध संपताच भाव उतरले, सावकाराने हात आखडला, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी रोखा नव्याने लिहून घेण्याची पद्धत रूढ झाल्याने व्याज मुदलात मिसळून कर्ज फुगत गेले. १८७४ साली सरकारने साऱ्याच्या वाढीवर मर्यादा घातली, पण तोवर उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगल उसळली; लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. दंग्याच्या चौकशीसाठी बसलेल्या आयोगाने कर्जाचे, गहाणांचे आणि दिवाणी हुकूमनाम्यांचे जे आकडे जमविले, ते पूर्वी कोणत्याही महसुली तक्त्यात आले नव्हते. घरे, गाड्या, विहिरी आणि बैल मोजले गेले होते. पण ते कोणाकडे गहाण आहेत, हे कोणी विचारले नव्हते. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा या उशिरा विचारलेल्या प्रश्नातून निघाला.

याच काळात सरकारी आकडे तपासून पाहणारे लोक आपल्यातही निर्माण झाले, ही गोष्ट विशेष अभिमानाने नमूद करण्याजोगी आहे. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने, पार्लमेंटच्या वित्तविषयक समितीपुढे ठेवण्यासाठी माहिती जमविण्याकरिता एक पोटसमिती नेमली, आणि तिचा अहवाल १८७३ साली प्रसिद्ध झाला. रयतेची सांपत्तिक स्थिती रयतेच्या बाजूने मांडण्याचा हा या भागातील पहिला संघटित यत्न म्हणावा लागेल. पुढे सभेच्या त्रैमासिकात न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी हे कार्य शास्त्राच्या पदवीस नेले. जोशी हे सरकारी शाळेतील शिक्षक. जमाखर्च, सारा, आयातनिर्यात आणि दुष्काळ यांवरील सरकारी अहवाल एकाग्रपणे वाचून त्यांतील आकड्यांनीच सरकारच्या विधानांची छाननी करण्याचे त्यांचे सामर्थ्य असामान्य होते, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी अर्थसंकल्पावरील आपल्या भाषणांसाठी त्यांचे साहाय्य घेतले. ज्या आकड्यांनी राज्य चालते त्याच आकड्यांनी राज्यास जाब विचारता येतो, हा धडा महाराष्ट्राला या शाळामास्तराने दिला.

आता जनगणनेकडे वळू. मुंबई इलाख्याची १८७२ ची गणती आणि सर्व देशात एकाच वेळी झालेली १८८१ ची गणती यांमुळे माणूस हा सारा देणारा अथवा न देणारा असा भेद न करता केवळ माणूस म्हणून मोजला गेला. स्त्रिया, मुले, मजूर, भिक्षेकरी हे सर्व तक्त्यात आले. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ साली ९,२१,३५३ होती, ती १८८१ साली ९,००,६२१ भरली. नऊ वर्षांत सुमारे एकवीस हजारांची घट, म्हणजे शंभरांत दोनच्या आसपास. एवढ्यावर थांबणारा वाचक म्हणेल की, १८७६-७७ च्या दुष्काळाने जिल्ह्यास धक्का दिला खरा, पण तो सोसण्याजोगा होता. परंतु पुणे शहर व लष्कर यांची लोकसंख्या याच मुदतीत १,१८,८८६ वरून १,२९,७५१ वर गेली. ती दोन्ही वर्षांतून वजा केली, तर उरलेल्या ग्रामीण जिल्ह्यात जवळजवळ बत्तीस हजार माणसे कमी झालेली दिसतात. घट शंभरांत चार होते. जुन्नर, खेड, मावळ, हवेली, शिरूर, पुरंदर, भीमथडी आणि इंदापूर या आठ तालुक्यांत ती सारखी वाटलेली नाही. मावळपट्टीत भाताने माणूस तगविला, आणि घाव मुख्यतः पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांवर बसला. शिवाय दुष्काळ न पडता तर या नऊ वर्षांत जी स्वाभाविक वाढ झाली असती, तीही या हानीत जमेस धरली पाहिजे. जे गेले त्यांतले मेले किती आणि परमुलखात जगावयास गेले किती, हे केवळ या दोन बेरजांवरून सांगता येत नाही. त्यासाठी जन्ममृत्यूची नोंद, दुष्काळी कामांवरील हजेरी, आणि जन्मस्थळाचा तक्ता एकत्र ठेवून पाहावा लागतो. एका आकड्याचा अर्थ दुसऱ्या आकड्याच्या सोबतीनेच उलगडतो.

पुढील दोन गणत्या हीच गोष्ट अधिक ठळकपणे सांगतात. १८९१ साली जिल्ह्यात १०,६७,८०० माणसे होती. दुष्काळानंतरच्या सुकाळाची ही भरपाई होती. १९०१ साली तो आकडा ९,९५,३३० वर उतरला. मधल्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले, आणि १८९६-९७ पासून ग्रंथिकज्वराने, म्हणजे प्लेगने, पुण्यात ठाण मांडले. शहर आणि लष्कर यांची लोकसंख्या १,६१,३९० वरून १,५३,३२० झाली, म्हणजे या खेपेस शहरही घटले. आणि शहराची घट ही साथीची, तर कोरडवाहू खेड्याची घट मुख्यतः पर्जन्याच्या अवकृपेची. एकाच बेरजेत दोन भिन्न शोकांतिका मिसळल्या आहेत, आणि वाचकाने त्या वेगळ्या केल्याखेरीज त्या वेगळ्या होत नाहीत.

घरांच्या गणतीतही हीच सावधगिरी हवी. जमाबंदीच्या तक्त्यांत घर म्हणजे छपराचे, धाब्याचे की कौलारू, अशी प्रतवारी असे, आणि गवती छपरे घटून कौले वाढली की त्यावरून गाव सुधारल्याचा निर्वाळा दिला जाई. काही अंशी तो यथार्थही असे. परंतु मावळच्या पावसात गवताने शाकारलेले घर आणि इंदापूरच्या उन्हात मातीचे धाबे हा हवेचा परिणाम आहे. त्यावरून श्रीमंतीची तुलना करणे अन्याय्य आहे. पुण्याच्या पेठांत तर घर या नोंदीने अधिकच घोटाळा होतो. ज्या वाड्यात पूर्वी एका सरदाराचे वा सावकाराचे कुटुंब आणि त्याचे आश्रित राहत, त्याच वाड्याच्या ओसऱ्या, माजघरे आणि माड्या पुढे भाडेकऱ्यांस मिळाल्या. वाडा एकच राहिला, पण चुली वाढल्या. घरे मोजणाऱ्यास पेठ स्थिर दिसते, आणि चुली मोजणाऱ्यास ती दाटलेली दिसते. म्हणून दर घरी माणसे किती, यापेक्षा दर खोलीत माणसे किती, नळ किती बिऱ्हाडांस मिळून एक आहे, आणि भाडे मिळकतीचा कितवा हिस्सा खाते, हे प्रश्न खरे महत्त्वाचे; आणि ते विचारावयास विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

या साऱ्या सामग्रीचा संग्रह म्हणून जेम्स कॅम्बेलच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या आणि १८८५ साली तीन भागांत निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे मोल फार मोठे आहे. जाती, धंदे, पिके, व्यापार, भांडवल, जमाबंदीचा इतिहास, न्याय, शिक्षण, आरोग्य, आणि गावोगावची स्थळे असा त्याचा विस्तार आहे. त्याच्या लेखनामागे राज्यकारभाराची दृष्टी आहे, आणि जातींच्या स्वभाववर्णनात तर त्या काळच्या राज्यकर्त्यांचे पूर्वग्रह उघड दिसतात. ती वर्णने त्याज्य समजावीत. पण मजुरीचे दर, आठवडी बाजार, विणकरांचे माग, कासार-तांबटांचे कारखाने आणि दुष्काळातील धान्याचे भाव यांविषयीची त्यातील नोंद आजच्या अभ्यासकाला अन्यत्र मिळणे कठीण आहे.

गाव हा घटक पुन्हा केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांना आहे. पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या खेड्याची शेतवार आणि कुटुंबवार पाहणी करून त्यांनी १९१७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो भारतीय ग्रामीण अर्थशास्त्रातील एक प्रस्थान ठरला. जुन्या कागदांच्या आधारे त्यांनी दाखविले की, या गावात दर खातेदारास १७७१ साली सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ साली साडेसतरा, १८२० ते १८४० या काळात चौदा, आणि १९१४-१५ साली केवळ सात. त्यातही १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती, आणि त्यांपैकी बहुसंख्य तुकडे एकरापेक्षा लहान होते. गावातील बरीच कुटुंबे शेतीच्या उत्पन्नावर जगूच शकत नव्हती; खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना आणि पुण्याची मजुरी यांवर त्यांचा निभाव लागे. येथे मॅन यांच्या शास्त्रीय सचोटीचा प्रत्यय येतो. शहराच्या सान्निध्याने आपला निष्कर्ष विकृत झाला असेल ही शंका त्यांनी स्वतःच घेतली, आणि नारायण विनायक कानिटकर यांच्या सहकार्याने शहरापासून दूर असलेल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी करून १९२१ साली तिचा ग्रंथ काढला. तेथे बाहेरच्या मजुरीचा आधार तितका नव्हता, आणि स्थिती अधिक विदारक निघाली. तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा जो कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला, त्यामागील लोकमत घडविण्यात या दोन गावांच्या आकड्यांचा वाटा आहे.

खेड्यासाठी मॅन यांनी जे केले, ते शहरासाठी धनंजयराव गाडगीळ यांनी केले. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून आणि भारत सेवक समाजाच्या आश्रयाने १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, आणि तिचे पहिले संचालक म्हणून गाडगीळांनी आपल्या पायाखालची भूमी हाच अभ्यासाचा पहिला विषय मानला. १९३६-३७ साली पुणे शहरातील कुटुंबांची नमुना पाहणी झाली. तिचा आर्थिक भाग १९४५ साली व सामाजिक भाग १९५२ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या धंद्यात किती माणसे, त्यांची मिळकत किती, घर केवढे, बिऱ्हाड किती माणसांचे, मुलांचे शिक्षण कोठवर, आणि बाहेरगावाहून आलेला मनुष्य कोणत्या मार्गाने शहरात स्थिरावला, याचे सुसंगत चित्र तीत आहे. १९५४ साली याच संस्थेतील सोवनी प्रभृतींनी शहराची पुन्हा पाहणी केली. त्यामुळे महायुद्ध, स्वातंत्र्य आणि फाळणी यांनंतर शहर कसे पालटले, हे अनुमानावर न राहता मोजून सांगता आले. विचारणारा, मोजणारा आणि उत्तर देणारा हे तिघेही त्याच शहराचे रहिवासी, आणि हेतू वसुलाचा नसून ज्ञानाचा: मोजदादीच्या इतिहासातील हे स्थित्यंतर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

दरम्यान जिल्ह्याची भूमीच बदलत होती. दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, आणि ज्या बारामती-इंदापूरकडे एकेकाळी दुष्काळाने गावे ओस पडत, तेथे उसाचे मळे उभे राहिले. वालचंदनगरचा साखर कारखाना १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यातच निघाला. त्याच तालुक्यात कालव्याखालचे गाव आणि कालव्याच्या वरच्या अंगाचे कोरडे गाव यांत आता जे अंतर पडले, ते पूर्वी मावळ आणि इंदापूर यांत होते. म्हणून तालुक्याची सरासरीही येथे पुरेशी राहिली नाही. मुळशीकडे याच्या उलट घडले. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्या धरणाच्या पाण्याखाली मावळ्यांची भातशेते गेली. विजेची निर्मिती, गिरण्यांचे उत्पादन, सारे वाढीच्या रकान्यात चढले. उठलेल्या कुटुंबांचा मात्र स्वतंत्र रकाना नव्हता. ज्याचा रकाना नाही त्याचे दुःख सरकारी विचारात येत नाही, हे पेशव्यांच्या काळी जितके खरे होते तितकेच विसाव्या शतकातही खरे राहिले.

२०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ भरली. १८८१ च्या दसपटीहून ती अधिक आहे, आणि शंभरांतील साठांहून अधिक माणसे आता नागरी वस्तीत राहतात. मॅन यांनी ज्या पिंपळे सौदागरातील शेताचे तुकडे मोजले, तेथे आज अनेक मजली इमारती आहेत, आणि सात एकरांची चिंता करणाऱ्या खातेदारांच्या जागी संगणकाच्या कारखान्यात काम करणारी, देशाच्या नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न राज्यात वरच्या श्रेणीत गणले जाते. परंतु त्या सरासरीत हिंजवडीचा पगार आणि आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरी वाडीवरील महादेव कोळ्याची नाचणी एकत्र मिसळलेली आहेत. मावळ आणि इंदापूर यांच्या पावसाची सरासरी जितकी निरुपयोगी, तितकीच ही सरासरीही निरुपयोगी, जोवर तिच्या पोटातील तालुके, गावे आणि वस्त्या वेगवेगळ्या करून पाहिल्या जात नाहीत तोवर.

या दोनशे वर्षांतून अभ्यासकाने घ्यावयाचे नियम मोजके आहेत. माणसे, घरे आणि धंदे यांचे आकडे एकत्र वाचावेत; त्यांतील एकटा आकडा बहुधा दिशाभूल करतो. आकडा कोणत्या वर्षी घेतला, ते वर्ष तेजीचे की मंदीचे, सुकाळाचे की साथीचे, हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये. रकान्याची व्याख्या बदलली नाही ना, हे तपासावे. १७७१ चा खातेदार आणि १९१५ चा खातेदार हे एकाच अर्थाचे असतीलच असे नाही. आणि शेवटी, तक्ता घेऊन त्या गावी जावे, आणि तेथील वृद्धांस, तलाठ्यास, शिक्षकास व मजुरास विचारून तो पडताळावा. कारण कोट्स, मॅन आणि गाडगीळ यांचे आकडे टिकले ते पायपिटीमुळे.

१९३१ पर्यंतच्या जनगणनेचे ग्रंथ, जमाबंदीचे अहवाल, जिल्हा जनगणना पुस्तिका आणि गावनमुने ही आपली सार्वजनिक संपत्ती आहे; ती पुण्यातील ग्रंथालयांत आणि दफ्तरखान्यांत आहे, आणि तिचा उपयोग करणारे मात्र थोडे आहेत. त्यातच २०२१ ची ठरलेली जनगणना त्या वर्षी झाली नाही, आणि म्हणून एका झपाट्याने बदलणाऱ्या जिल्ह्याच्या योजना दीर्घकाळ जुन्या बेरजांवर आखल्या गेल्या. माझी वाचकांस विनंती अशी की, गणती करणारा आपल्या दारी येईल तेव्हा त्यास अचूक व संपूर्ण उत्तर द्यावे. आणि गणतीचे तक्ते प्रसिद्ध होतील तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीने, प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या गावाचे व तालुक्याचे पान काढून ते मागील पानांशी ताडून पाहावे. शाळामास्तर गणेश व्यंकटेश जोशी यांना जे एकट्याने साधले, ते करावयास आज साधने विपुल आहेत. हवी आहे ती केवळ आपल्या गावाविषयीची आस्था.